माझ्या पाळीचा शुक्रवार

बेगमपेठ, हैदराबाद
शनिवार, ११ जुलै १९५३

प्रिय द्वारका,

तुझं पत्र गुरुवारी हाती पडलं, आणि तवापासून मी ह्या पत्राचं पहिलं वाक्य जुळवून राह्यलोय. दोन कागद फाडले, हा तिसरा. आधीच सांगतो, हे पत्र तू एकटीनं वाच. गोठ्यात जा, माळवदावर जा, कुठंबी जा, पण काकासाहेबांसमोर उघडू नको. ते चष्मा मागतील आणि मंग पत्र त्यांचं होईल. माय विचारील काय लिवलंय, तिला सध्या म्हण की खुशाली आहे. आणि शेवटाकडं उडी मारू नको. मला तुझी खोड ठाऊक आहे, माहेरचं पत्र आलं की तू आधी खालच्या दोन ओळी वाचतेस, कुणी गेलं न्हाई ना ते बघतेस, आणि मंग वरून सुरू करतेस. कुणी गेलेलं न्हाई. मी धडधाकट आहे. आता वरून वाच.

त्या कागदाचं तुला मागच्या महिन्यात लिहिलंच होतं. सरकार देशातल्या सगळ्या विमान कंपन्या एक करून राह्यलंय, एक ऑगस्टपासून. आमची हैदराबादची कंपनीबी त्यात जाणार. आम्हा पायलट लोकांना एकेक छापील कागद मिळालाय : नव्या कंपनीत यायचं, की इथूनच रामराम करून घरी जायचं. वीस जुलैपर्यंत सही करून द्यायचा. एकदा सही केली की पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत उडायचं. मी एकतीसचा, म्हणजे अजून चोवीस वर्षं. राहायला क्वार्टर मिळंल, आणि तू इकडं येशील. लग्नाला चार वर्षं झाली आणि आपण एका छपराखाली किती दिवस काढले हे आठवायला गेलं तर मला लाज वाटते. दुसऱ्या बाजूला काकासाहेब आहेत. वडील गेल्यावर आपलं शेत काकांनीच सांभाळलं, आता त्यांचे गुडघे धरलेत, आणि दर पत्रात तेच लिहितात, की जमीन चांगली, विहिरीला पाणी, आणि घरचा कर्ता माणूस आभाळात काय करतो? ते चुकीचं बोलत न्हाईत. तुला विचारलं तर तू लिहिलंस, तुमच्या मनाला येईल ते करा. अगं, हे काय उत्तर झालं? मी बराबर दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मंग ध्यानात आलं, की तुला भेव वाटत असणार, आणि तसं लिहिलं तर मी खरंच ऐकीन ह्याचंबी भेव वाटत असणार.

आता मलाच भेव वाटून राह्यलंय, द्वारका. हे मी कुणाला बोललेलो न्हाई. आठ दिवस हेच चाललंय. विमानात बसायच्या आधी तोंड कोरडं पडतं, तांब्याभर पाणी प्यालो तरी कोरडंच. इंजिनं सुरू करायच्या आधी जे एकदा तपासायचं ते मी तीन-तीनदा तपासतो, आणि खालचा मिस्त्री हसतो, म्हणतो कप्तानसाहेब, आज काय शिकाऊ उमेदवार होऊन आलात काय? मीबी हसतो. कागद माझ्या पेटीत कपड्यांखाली आहे. दोनदा काढला, दौत-टाक घेऊन बसलो, नाव लिहायच्या जागेवर टाक टेकवला आणि उचलला. तिथं आता शाईचा एक ठिपका पडलाय. हे कशानं झालं ते सांगायला मला जरा मागं जावं लागंल.

मायच्या नेमाचं तुला सगळं ठाऊक आहे, पण तो कुठून आला ते ठाऊक न्हाई, कारण तू तवा घरात आली नव्हतीस. अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या गडबडीत अडीच महिने माझं पत्र गावाला पोचलं न्हाई. मी इथं विमानतळावर होतो, जिवंत होतो, दोन वेळा जेवत होतो. पण गावात, धावड्याला, कोण सांगणार? गावात रोज नवी बातमी यायची, आज ह्याचा पोरगा मारला, उद्या त्याचा. माय त्या अडीच महिन्यांत निम्मी झाली. नंतर मी घरी गेल्तो तवा तिनं आधी माझे दोन्ही हात दाबून बघितले, मंग पाय, आणि मंग रडली. मला म्हणाली, मेल्याचं कळलं असतं तरी बरं झालं असतं रं, काहीच न कळणं लई वंगाळ. मी म्हणालो, आता असं होणार न्हाई. आपण काय बोलतो ते आपल्याला तवा कळत न्हाई.

पुढं पन्नास साली मी कप्तान झालो आणि औरंगाबाद ते इंदूरची फेरी दर दुसऱ्या शुक्रवारी माझ्याकडं आली. सरळ वाट आपल्या गावाच्या पश्चिमेकडून जाते, वीस मैलांवरून. मी पहिल्याच फेरीला वाट थोडी वाकडी केली. आभाळ स्वच्छ होतं, पाच मिनिटांचा फरक, कुणाचं काय जातंय? धावड्यावर आल्यावर विमान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं कलवलं. सगळा गाव खळ्यावर आल्ता म्हणे. आणि त्याच दिवशी मायनं नेम धरला, की भुजंगाच्या पाळीच्या शुक्रवारी, त्याचं इमान डोळ्यांनी दिसल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं न्हाई. सकाळपासून खळ्यावर बसायचं, शेजारी तांब्या ठेवायचा, विमान गेलं की प्यायचं. मला कळलं तवा मी किती फुगलो होतो! इथं सगळ्या पायलट लोकांना सांगत सुटलो. कुणाची माय उपास करते, कुणाची नारळ फोडते, पण माझी माय माझं विमान बघून पाणी पिते, असं. त्या वेळी एकानं मला विचारलं होतं, आणि न्हाई दिसलं तर? मी म्हणालो, दिसंल की, न दिसायला काय झालं. तीन वर्षं दिसलंबी. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, मी वेळेवर, माय वेळेवर. पावसाळ्यात ढग असले तरी ते वर असायचे, मी खालून जायचो. एक-दोनदा अर्धा तास उशीर झाला एवढंच.

मंग गेल्या महिन्यातला एकोणीस तारखेचा शुक्रवार. ढग खालपर्यंत दाटलेले, मी वरून गेलो. मला खालचं काही दिसलं न्हाई आणि मी फार मनावर घेतलं न्हाई. त्यानंतर तुझं पत्र आलं. मायनं आवाज ऐकला, पण आवाज कुणाच्याबी इमानाचा असतो म्हणाली आणि तांब्याला हात लावला न्हाई. शुक्रवार गेला, शनिवारी दुपारी ती गोठ्याच्या दारात चक्कर येऊन पडली, तू ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायला गेलीस तर शुद्धीवर येऊन तुझ्यावरच खेकसली. रविवारी भोकरदनच्या बाजारातून आपला गडी रखमाजी आला, तिकडं शुक्रवारी ढगाच्या फटीतून त्यानं विमान बघितलं होतं, त्यानं देवाची शपथ घेतली, तवा कुठं ती प्याली. हे सगळं तू लिहिलंस आणि शेवटी एक ओळ लिहिलीस : ढग असले म्हणजे थोडं खाली येता येत न्हाई का? मी तुला दोष देत न्हाई, आधी हे नीट वाच. तुला काय ठाऊक विमान कसं चालतं. तू दोन रात्री तहानलेल्या सासूपाशी बसलीस आणि तुला जे सुचलं ते लिहिलंस. तू ती ओळ लिहिली नसतीस तरी मी उतरलोच असतो, असं मला वाटतं. पण मी तुझ्याशी खोटं बोलणार न्हाई. पुढच्या फेरीला ते पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

तीन जुलैला औरंगाबादहून निघालो तवा आभाळ तसंच होतं, पांढरं, जाड, खालपर्यंत. विमानात एकवीस माणसं. त्यात जुन्या जालन्याचे अमरचंदजी म्हणून कापडाचे ठोक व्यापारी आणि त्यांची बायको लाडबाई, इंदूरला लेकीकडं निघालेले. दोघं पहिल्यांदाच विमानात बसत होते. लाडबाईंच्या मांडीवर पितळी डबा होता, लेकीसाठी काहीतरी केलेलं, आणि तो त्यांनी कुणाच्या हातात द्यायला नकार दिल्ता. माझ्या शेजारी सोबतचा पायलट रामराव, नांदेडकडचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा, कमी बोलणारा. आमच्या कंपनीचा नियम आहे की त्या भागात डोंगर आहेत म्हणून पाच हजार फुटांच्या खाली ढगात शिरायचं न्हाई. ढगात असताना आपण कुठं आहोत ते फक्त घड्याळावरून कळतं, इतकी मिनिटं झाली म्हणजे इतकं अंतर आलं. मी मिनिटं मोजली. बारा झाली, चौदा झाली. माझ्या डोक्यात एकच होतं, माय खळ्यावर बसलेली आहे, तांब्या शेजारी आहे, आणि हा आवाज ऐकून ती मान हलवणार, कुणाच्याबी इमानाचा असतो. मी रामरावला म्हणालो, जरा खाली जाऊन बघू, मोकळं असंल तर. त्यानं माझ्याकडं बघितलं. मंग उंचीच्या काट्याकडं बघितलं. कप्तान मी होतो.

मी विमान खाली घेतलं. चार हजार, काहीच न्हाई. साडेतीन, काहीच न्हाई, नुसता दुधासारखा पांढरा अंधार आणि काचेवर पाणी. तिथं मी परत वर जायला पाहिजे होतं. शाळेतलं पोरबी सांगील. मी अजून खाली गेलो. आणि एकदम ढग संपला आणि खाली जमीन इतकी जवळ आली की रामरावच्या तोंडून आवाज फुटला. पण ते आपलं गाव होतं, द्वारका! महादेवाचं देऊळ, ओढा, रामकिसनच्या घरावरचे पत्रे. मोजणी बराबर निघाली म्हणून मला आनंद झाला. त्या क्षणाला मी हसत होतो, हे मला आठवतं आणि त्याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते. मी खळं बघितलं. तिथं लुगडं नेसलेली एक बाई उभी होती, हात वर करून. मी विमान कलवलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मंग समोर बघितलं.

समोर डोंगर होता. गावाच्या उत्तरेचा आपला डोंगर, ज्याच्यावर मी लहानपणी गुरं चारली. त्याचा माथा ढगात होता, फक्त पोट दिसत होतं, हिरवं, आणि ते आमच्यावर चालून येत होतं. मी सगळी ताकद लावून सुकाणूचं चाक पोटाशी ओढलं, रामरावनं त्याच्याकडचं ओढलं, दोन्ही इंजिनं किंचाळायला लागली. बकऱ्या पळताना दिसल्या. एक सागाचं झाड दिसलं, त्याची पानं एकेक दिसली. मंग आम्ही परत ढगात शिरलो आणि काहीच दिसेना. पुढं डोंगर आहे की संपला, कळायला मार्ग न्हाई. मी मोजायला लागलो, एक, दोन, तीन. सातपर्यंत मोजलं. ते सात आकडे मी कुणाला समजावून सांगू शकत न्हाई. मला देव आठवला न्हाई, तू आठवली न्हाईस, मायबी न्हाई. मला फक्त तो पितळी डबा आठवला, की तो कुणाला मिळंल आणि त्यात काय होतं ते कुणाला कधीच कळणार न्हाई. सातानंतर ढग फाटला, खानदेशची बाजू आली, जमीन खाली खोल गेली, आणि आम्ही वर निघालो.

इंदूर आलं. उतरल्यावर मी दारापाशी उभा राह्यलो, कप्तानानं उभं राहायचं असतं. अमरचंदजींनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, कप्तानसाहेब, इतक्या ढगातबी तकलीफ घेऊन डोंगर दाखवलात, बकऱ्यासुद्धा दिसल्या, पैसे वसूल झाले. जालन्याला आलात की दुकानावर आल्याशिवाय जायचं न्हाई. त्यांना वाटलं ती त्यांच्यासाठी केलेली मौज होती! सगळ्या उतारूंना तसंच वाटलं, एकानं टाळ्या वाजवल्या. लाडबाई मागून आल्या, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि म्हणाल्या, धन्य तुझी माय. मी हसलो, नमस्कार केला, विमानाच्या मागच्या बाजूला गेलो आणि ओकलो. रामराव माझ्या पाठीमागं येऊन उभा होता. मला म्हणाला, मला दोन लेकरं आहेत, भुजंगराव. मी वर सांगणार न्हाई, तुमचं तुम्ही सांगा. एवढं बोलून तो चहा प्यायला गेला.

मी लगेच सांगितलं न्हाई. सहा दिवस स्वतःला समजावत होतो, की झालं ते झालं, कुणाला लागलं न्हाई, आता पुन्हा करणार न्हाई. मंग परवा तुझं हे पत्र आलं. इतकं आनंदाचं पत्र तू मला आजवर लिहिलं न्हाईस. मायनं चाकं मोजली म्हणे, विमानाच्या पोटावरचा आकडा दिसला म्हणे. तांब्या एका दमात संपवला, गावभर गूळ वाटला, आणि प्रत्येकाला सांगते की माझ्या लेकानं ढग फाडून दर्शन दिलं. आणि आता सतरा तारखेच्या शुक्रवारी भोकरदनहून दुर्गामावशी येणार, मामाकडची माणसं येणार, पुरणाचा बेत ठरला. मायनं मला निरोप पाठवलाय, की त्या दिवशीबी तेवढंच खालून ये, पाहुण्यांना चाकं दिसली पाहिजेत. तू खाली स्वतःच्या मनानं लिहिलंस, की सासूबाईंचं तोंड बघा एकदा, चार वर्षांत असं बघितलं न्हाई. ते वाचलं आणि मी ठरवलं, की आता वर सांगून टाकायचं.

कारण मला ठाऊक आहे मी काय करीन. हेच ते भेव आहे. डोंगराचं मला भेव न्हाई, डोंगर जागेवर असतो, नकाशात आहे. मला माझ्या हाताचं भेव वाटतं. सतरा तारखेला ढग असतील, माय खाली तहानलेली असंल, शेजारी दुर्गामावशी असंल, आणि मी म्हणीन, मागच्या वेळी जमलं, ह्या वेळी थोडा आधीच वर घेईन. मी ते केलं नसतं अशी शपथ मला घेता येत न्हाई. काल सकाळी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. आमचे मोठे पायलट, लढाईत उडालेला माणूस. ते ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला विचारलं, तुमची आई अजून तसंच करते? मी हो म्हणालो. मंग त्यांनी मला इंदूरच्या फेरीवरून कायमचं काढलं, तीन महिने दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली उडायचं, मद्रासकडं. आणि कागदाचं म्हणाले, की सही करायची का न करायची ते मी सांगणार न्हाई. तुमच्या हातून पुन्हा असं होणार न्हाई असं तुम्हाला मनापासून वाटलं तर करा, न्हाईतर चोवीस वर्षं फार मोठी असतात.

सही करावीशी वाटते, द्वारका. हे मी काकासाहेबांना कधी लिहिलं न्हाई, लिहिलं तर ते म्हणतील पोरगा वाया गेला. सकाळी विमान जमिनीवरून सुटतं तवा माझं सगळं अंग हलकं होतं. एकदा वरून भोकरदनचा बाजार आणि केळणा नदी दिसली होती, सगळी बैलं, सगळ्या गाड्या तिळाएवढ्या, आणि मला इतकं भरून आलं की मी रामरावला उगाच सांगत बसलो, ते माझ्या तालुक्याचं गाव. मला शेत येतं, मी नांगर धरीन, उपाशी मरणार न्हाई आपण. पण मी रोज मान वर करीन. आणि तू? माय हसत हसत काकासाहेबांना लिहायला सांगते, की द्वारका कधी खळ्यावर येत न्हाई, इमान आलं की चुलीपुढंच बसते आणि पदर कानावर घेते. तीन वर्षं मी त्याचा राग धरला होता, बायकोला नवऱ्याचं कौतुक न्हाई म्हणून. आता कळतं. त्या घरात एकट्या तुलाच कळलं होतं की वर लोखंडाचं धूड आहे आणि त्यात माणूस बसलाय.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. सतरा तारखेला धावड्यावरून विमान जाणार न्हाई. माझं न्हाई, कुणाचं न्हाई, त्यापुढंबी कधीच न्हाई. पत्र आज रातच्या डाकेनं निघालं तर बुधवारपर्यंत तुझ्या हाती पडंल. पाहुणे यायच्या आधी मायला समोर बसव आणि सगळं सांग. बकऱ्या, सागाचं झाड, एकवीस माणसं, ती लाडबाई. गोड करून सांगू नको. भुजंग भ्याला हेबी सांग, माझ्या तोंडून तिनं ते कधी ऐकलेलं न्हाई. ती तुझ्यावर चिडंल, तूच मनानं रचलंस म्हणंल; तवा हा कागद दाखव, तिला वाचता येत न्हाई पण माझं अक्षर ती ओळखते. तरीबी शुक्रवारी ती खळ्यावर जाऊन बसणार. त्या दिवशी तूबी जा. दुपार होईल, विमान येणार न्हाई, पाहुणे कुजबुजतील. तवा तू तांब्या तिच्या हातात दे. ती विचारील, माझा लेक हाये का न्हाई? तिला म्हण, ठाऊक न्हाई. आज कळणार न्हाई, उद्याबी कळायचं न्हाई, आणि न कळता पाणी प्यायचं. ती प्याली तर रखमाजीला भोकरदनच्या तारघरात धाड, एकच शब्द पुरे, प्याली. मी सोमवारी सही करीन. तार न्हाई आली तर मी सही करणार न्हाई, मंगळवारच्या मोटारीनं गावी येईन आणि तिला जन्मात एका शब्दानं दोष देणार न्हाई. खाली ती तहानलेली बसलेली असताना एकवीस माणसं माझ्या हातात द्यायच्या लायकीचा मी न्हाई. तिच्यावर हे ओझं टाकताना मला लाज वाटते, आणि तुझ्यावर टाकताना त्याहून जास्त. पण दुसरं कुणी न्हाई मला. तू फक्त तांब्या दे, आणि पहिला घोट घशाखाली उतरंपर्यंत तिथून हलू नको.

तुझाच,
भुजंग